अक्षरं तीच, वाचन वेगळं

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

लग्नाची बोलणी सुरू झाली की आपल्याकडे काही प्रश्न ठरलेले असतात. मुलगी किती शिकली, मुलगा काय करतो, घर स्वतःचं आहे की भाड्याचं. हे सगळं झालं की जरा आवाज खाली आणून आणखी एक प्रश्न विचारला जातो : घराण्यात काही आजार वगैरे नाही ना? हा प्रश्न हिंदूंच्या घरात विचारतात तसाच आमच्या मुसलमानांच्या घरातही विचारतात. त्यात गैर काही आहे असं विचारणाऱ्याला वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही वाटत नाही. आज मी या प्रश्नाबद्दल बोलणार आहे. एक आजार आहे, तो ‘रक्तातला’ म्हणायचा की नाही, ‘घराण्यातला’ म्हणायचा की नाही, याचा शोध गेली पन्नास वर्षं चालू आहे. त्या शोधाची ही गोष्ट आहे.

आजाराचं नाव सिस्टेमिक स्क्लेरोसिस. बोलताना डॉक्टर ‘स्क्लेरोडर्मा’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘स्क्लेरॉस’ म्हणजे कठीण आणि ‘डर्मा’ म्हणजे कातडी. कातडी कठीण होत जाण्याचा हा आजार. पण तो कातडीवर थांबत नाही. अन्ननलिका, फुप्फुसं, हृदय, मूत्रपिंडं यांच्यातही तोच कठीणपणा उतरू शकतो, म्हणून ‘सिस्टेमिक’, म्हणजे सर्वांगात पसरणारा.

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. हा आजार मला माहीत झाला तो माझ्या मावसबहिणीमुळे. आम्ही सगळे तिला आपा म्हणतो. जुन्या नाशकात तिचं घर. शिवणकाम करून तिनं तीन मुलं वाढवली. चाळिशीच्या सुमारास एका हिवाळ्यात तिच्या लक्षात आलं की पहाटे थंड पाण्यानं वजू केला की बोटं पांढरीफटक पडतात, मग निळी होतात आणि मग लाल होऊन ठणकतात. घरच्यांनी थंडीवर ढकललं. नाशिकची थंडी तुम्हाला माहीतच आहे. निफाडकडे तर काही पहाटे पारा पाच अंशांच्याही खाली जातो. पण थंडी गेली तरी बोटांची सूज गेली नाही. अंगठी निघेना, ती कापून काढावी लागली. मग बोटांची कातडी ताणून चकचकीत झाली, चिमटीत धरता येईना. सुईत दोरा ओवायचं काम मुलीकडे गेलं. तोंड पुरतं उघडेना, भाकरीचा घास लहान करावा लागे. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठ्याचा ठसा उमटेना, कारण बोटावरच्या रेषाच गुळगुळीत झाल्या होत्या. कुणी म्हणालं संधिवात, कुणी म्हणालं रक्त कमी आहे, कुणी म्हणालं नजर लागली. या सगळ्यात दोन वर्षं गेली. शेवटी एका संधिवाततज्ज्ञानं बोटांकडे पाहिलं, नखाच्या मुळाशी भिंगातून निरखलं, रक्त तपासायला पाठवलं आणि आजाराला नाव मिळालं.

नाव मिळालं आणि दुसरं संकट आलं. आपाच्या मुलीसाठी एक स्थळ आलं होतं, जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. मुलाकडच्यांनी कुठूनसं ऐकलं, ‘हा आजार जीन्समध्ये असतो.’ पुढच्या आठवड्यात निरोप आला : आम्हाला घाई नाही, तुम्ही दुसरीकडे बघितलंत तरी चालेल. आपा हात दुखतात म्हणून कधी रडली नव्हती, त्या दिवशी रडली. ‘मी माझ्या लेकीला हेच दिलं का?’ असं ती विचारत होती.

श्रोतेहो, या प्रश्नाला उत्तर आहे. आईच्या सांत्वनासाठी तयार केलेलं ते गोड उत्तर नव्हे. ते मोजून मापून काढलेलं आहे.

अमेरिकेत पिट्सबर्ग इथं कॅरोल फेघाली-बॉस्टविक या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुळ्यांच्या 42 जोड्या शोधल्या. प्रत्येक जोडीतल्या निदान एकाला हा आजार होता. त्यातल्या 24 जोड्या एकसारख्या जुळ्यांच्या होत्या, म्हणजे एकाच गर्भपेशीतून जन्मलेल्या, ज्यांची जनुकं अक्षरशः एकच. उरलेल्या 18 जोड्या साध्या जुळ्यांच्या, म्हणजे इतर भावंडांइतक्याच सारख्या. आजार जर जनुकांत लिहूनच ठेवलेला असेल, तर एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला की दुसऱ्यालाही व्हायला हवा. 2003 साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. दोघांनाही आजार झाला आहे अशी एकसारख्या जुळ्यांची 24 पैकी फक्त एक जोडी निघाली आणि साध्या जुळ्यांचीही एकच. तेच रक्त, तीच आई, तेच गर्भाशय, तीच जनुकं, आणि तरीही एक बहीण आजारी, दुसरी ठणठणीत.

मात्र त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, तीही सांगितली पाहिजे. या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच पेशींविरुद्ध काम करणारी प्रतिपिंडं आढळतात. म्हणजे शरीराचं संरक्षक दल घरच्यांनाच शत्रू समजू लागतं. ही प्रतिपिंडं मात्र एकसारख्या जुळ्यांपैकी 90 टक्के जोड्यांत दोघांतही सापडली, साध्या जुळ्यांत 40 टक्के. याचा अर्थ, कल जनुकांतून येतो. पण कल असणं वेगळं आणि आजार होणं वेगळं.

अमेरिकेतच 2001 साली 703 कुटुंबांचा हिशेब मांडला गेला होता. रुग्णाच्या अगदी जवळच्या नातलगांना, म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं यांना हा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे 13 पट जास्त दिसली. हा आकडा ऐकून छातीत धस्स होतं. पण आजार इतका दुर्मीळ आहे की तेरा पट वाढूनही तो दुर्मीळच राहतो. 703 कुटुंबांपैकी एकाहून अधिक माणसांना आजार झाला होता अशी कुटुंबं निघाली फक्त 11. ‘तेरा पट’ हा आकडा लोकांच्या कानावर लवकर येतो, ‘703 पैकी 11’ हा सहसा येत नाही. लग्नं मोडतात ती पहिल्या आकड्यावर.

मग जनुकं तीच असून एकीला आजार होतो आणि दुसरीला होत नाही, हे घडतं कसं? इथं जनुकांचं नियमन नावाची गोष्ट येते.

आमच्या घरात उर्दू वाचली जाते, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. उर्दूत ‘दुआ’ हा शब्द दाल, ऐन, अलिफ अशा तीन अक्षरांनी लिहितात. त्यातल्या ऐनवर एक टिंब दिलं, म्हणजे नुक्ता दिला, की ऐनचं गैन होतं आणि ‘दुआ’ची ‘दगा’ होते. इथं अक्षरच बदललं. आता दुसरं उदाहरण घ्या. अलिफ आणि सीन ही दोन अक्षरं जोडून लिहिली की ‘इस’ असंही वाचता येतं आणि ‘उस’ असंही. अलिफखाली जेर नावाची छोटी रेघ दिली तर ‘इस’, वर पेश दिला तर ‘उस’. अक्षरं तीच, फक्त खूण बदलली आणि ‘हा’चा ‘तो’ झाला. छापील उर्दूत या खुणा बहुधा देतही नाहीत. वाचणारा मागचंपुढचं बघून ठरवतो.

माणसाच्या पेशीत तीन अब्ज अक्षरांचा मजकूर असतो. त्याला डीएनए म्हणतात. त्यातली सुमारे 20 हजार वाक्यं प्रथिनं तयार करण्याच्या सूचना असतात, ती जनुकं. नुक्ता पडून अक्षरच बदलावं तसे बदलही डीएनएत होतात आणि त्यांतून होणारे सिकलसेलसारखे आजार खरोखरच पिढीजात असतात. पण शरीराचं रोजचं काम चालतं ते बरंचसं जेर-जबर-पेशच्या रीतीनं. डोळ्याच्या पेशीत आणि टाचेच्या पेशीत मजकूर एकच आहे. तरी डोळ्याला टाचेची कातडी येत नाही, कारण प्रत्येक पेशी त्या ग्रंथातली आपल्या कामाची पानं उघडते आणि बाकीची मिटून ठेवते. कोणतं पान कधी उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं, कधी मिटायचं, ही जी व्यवस्था, तिला जनुकांचं नियमन म्हणायचं.

ही व्यवस्था पहिल्यांदा नीट समजली ती एका जिवाणूत. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी 1961 साली दाखवलं की आतड्यात राहणारा एक जिवाणू दुधातली साखर पचवण्याचं जनुक कायम चालू ठेवत नाही. ती साखर समोर आली की जनुक चालू होतं, संपली की बंद. घरात कुणी नसताना दिवा कशाला जाळायचा, हा साधा हिशेब. या कामाला 1965 साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आता आपल्या आजाराकडे वळू. आपल्या कातडीखाली फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू विणणं हे त्यांचं काम. बाजेला जसा काथ्या, तसं शरीराला कोलॅजन. ते नसेल तर सगळं ढिलं पडेल. कुठं जखम झाली की या पेशी जोरात कामाला लागतात, तंतू विणतात, जखम सांधतात आणि काम झालं की थांबतात. मागं राहतो तो व्रण. स्क्लेरोडर्मात जखम नसतानाही या पेशी विणत राहतात. सगळी कातडीच एक मोठा व्रण होऊ लागते. काम संपलं तरी कारागीर घरी जायला तयार नाहीत, असं काहीसं.

पूर्वी वाटायचं की रक्तातून कुठला तरी हुकूम सतत येत असावा, म्हणून या पेशी थांबत नसाव्यात. अमेरिकेतले डॉ. ई. कार्वाइल लीरॉय यांनी रुग्णांच्या कातडीतल्या या पेशी काढल्या आणि काचेच्या बशीत वाढवल्या. तिथं रुग्णाचं रक्त नाही, संरक्षक पेशी नाहीत, हुकूम देणारं कुणी नाही. तरीही त्या पेशी निरोगी माणसाच्या पेशींपेक्षा जास्त कोलॅजन तयार करत राहिल्या. 1974 साली हे प्रसिद्ध करताना त्यांनी शंका मांडली ती हीच, की बिघाड पेशीच्या नियमनात असावा. हुकूम बाहेरून येणं बंद झालं तरी पेशीला तो पाठ झाला होता.

पेशीला हुकूम पाठ कसा होतो? डीएनएच्या अक्षरांवर पेशी स्वतः छोट्या खुणा करते. मिथाइल नावाचा एक इवलासा रासायनिक गट, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढाच, ठराविक अक्षरांना चिकटवला जातो. जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर अशा खुणा दाटल्या की ते पान मिटलं जातं. पेशी दुभंगून दोन झाल्या तरी नव्या पेशीत त्या खुणा उतरवून घेतल्या जातात. अक्षर बदलत नाही, वाचन बदलतं.

कोलॅजनच्या जनुकाला आवर घालणारं एक प्रथिन आहे, त्याचं नाव एफएलआय-वन. हा एक प्रकारचा ब्रेक. अमेरिकेतल्या वांग, फान आणि कहालेह या संशोधकांनी 2006 साली दाखवलं की स्क्लेरोडर्माच्या पेशींत या ब्रेकच्या जनुकावरच मिथाइलच्या खुणा दाटलेल्या असतात. जनुक शाबूत आहे, त्यात एकही अक्षर चुकलेलं नाही, पण ते मिटलेलं पान आहे. ब्रेक मिटला म्हणून गाडी सुसाट. मग त्यांनी बशीतल्या पेशींना या खुणा पुसणारी रसायनं दिली आणि कोलॅजनचं प्रमाण पुन्हा नेहमीसारखं खाली आलं.

मला या प्रयोगाचं महत्त्व फार वाटतं. अक्षर खोडलेलं असतं तर ते परत लिहिणं कठीण होतं. इथं अक्षर जागच्या जागी आहे आणि खूण पुसता येते, हे बशीत का होईना, दिसलं. मात्र ती रसायनं रुग्णाला देऊन चालत नाहीत, कारण ती एका पानावरच्या खुणा पुसून थांबत नाहीत, साऱ्या ग्रंथभर फिरतात. अशी औषधं आज रक्ताच्या काही कर्करोगांत वापरतात. स्क्लेरोडर्मासाठी नेमक्या पानापर्यंत पोचणारं औषध हवं आहे आणि ते अजून यायचं आहे.

आवर घालण्याची आणखी एक तऱ्हा आहे. जनुकाचा निरोप प्रथिन बनवणाऱ्या कारखान्यापर्यंत एक चिठ्ठी घेऊन जाते, आरएनए तिचं नाव. काही फार छोटे आरएनए असे असतात की ते वाटेतच ती चिठ्ठी अडवतात. त्यांना सूक्ष्म-आरएनए म्हणतात. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना ते 1993 साली एक मिलिमीटर लांबीच्या एका किड्यात सापडले, तेव्हा किड्याची गंमत म्हणून लोकांनी सोडून दिलं. 2024 साली त्याच शोधाला नोबेल मिळालं. त्यांतल्या 29 क्रमांकाच्या सूक्ष्म-आरएनएचं एक काम कोलॅजनच्या चिठ्ठ्या अडवणं हे आहे. झुरिकच्या संशोधकांनी 2010 साली दाखवलं की स्क्लेरोडर्माच्या पेशींत नेमका तोच कमी पडलेला असतो. म्हणजे ब्रेकही मिटलेला आणि चिठ्ठ्या अडवणारा नाकेदारही गैरहजर.

इथं आपल्या महाराष्ट्रातलं एक काम सांगितलं पाहिजे. ते या आजारावरचं नाही, मधुमेहावरचं आहे, पण खुणांची गोष्ट त्यानं आपल्या दारापर्यंत आणली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आहार आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला आणि ती मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. बाळं जन्मतः हडकुळी दिसत, पण अंगावरची चरबी मात्र वजनाच्या मानानं जास्त. बऱ्याच आयांच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व कमी होतं. ब-12 आणि फोलेट यांच्यावरच शरीरातला मिथाइलचा पुरवठा अवलंबून असतो, म्हणजे खुणा करण्याची शाई तिथून येते. ज्या आयांमध्ये ब-12 कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे जाणारा कल सर्वांत जास्त दिसला. हे 2008 साली प्रसिद्ध झालं. आईनं काय खाल्लं, हे लेकराच्या शरीरात अशा रीतीनं उमटू शकतं. आईला खायला काय मिळालं, असं म्हणणं जास्त बरोबर, कारण ते तिच्या एकटीच्या हातात क्वचितच असतं.

स्क्लेरोडर्मात खुणा बिघडवणारं काय असतं? सगळ्यात जुना पुरावा धुळीचा आहे. एडिंबराच्या डॉ. बायरम ब्रॅमवेल यांनी 1914 साली आपल्या नऊ रुग्णांचा हिशेब लिहिला. त्यातले पाच दगड घडवणारे होते. 1957 साली डॉ. इरॅस्मस यांना दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींतल्या कामगारांत हाच आजार दिसला. दोन्हीकडे समान होती ती सिलिकेची बारीक धूळ. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात मोकळी सिलिका ग्रॅनाइटपेक्षा किंवा वालुकाश्मापेक्षा कमी असते, तेवढं आपलं नशीब. पण वाळूच्या साच्यांतलं ओतकाम, वाळूच्या फवाऱ्यानं धातू घासणं, फरशी आणि ग्रॅनाइट कापणं ही कामं आपल्या शहरातही चालतात. तिथं पाणी मारून धूळ बसवणं आणि चांगला मास्क देणं हा मेहेरबानीचा विषय नाही. काही रासायनिक द्रावकांचाही या आजाराशी संबंध दिसला आहे. पण आपानं कधी दगड फोडला नाही. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत एक बोट दाखवता येतं असं नाही.

आणि हा आजार बायकांनाच जास्त का? एका पुरुषामागे चार किंवा त्याहून जास्त बाया, असं त्याचं प्रमाण आहे आणि तो बहुधा तिशी ते पन्नाशीत गाठतो. याचंही उत्तर नियमनाकडे जातं. बाईच्या पेशीत एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात, पुरुषाच्या पेशीत एक. मेरी लायन या ब्रिटिश संशोधिकेनं 1961 साली मांडलं की बाईच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स मिटून ठेवलेलं असतं. ते मिटवण्याचं काम ‘झिस्ट’ नावाचा एक लांबलचक आरएनए करतो. 2024 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या हॉवर्ड चँग यांच्या गटानं दाखवलं की हा झिस्ट आणि त्याला बिलगलेली प्रथिनं यांनाच शरीराचं संरक्षक दल कधी कधी परकं समजतं. बाईला जगवण्यासाठी जी व्यवस्था लागते, तिच्यातच हा धोका आहे. ‘बायकांचे आजार असेच असतात, मनाचे’ असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

या आजाराच्या रुग्णांत एक मोठा चित्रकारही होता. पॉल क्ले स्वित्झर्लंडमध्ये वाढला, जर्मनीत शिकवत होता, 1933 साली नाझींनी नोकरीवरून काढलं म्हणून बर्नला परतला आणि 1935 साली आजारी पडला. त्याच्या हयातीत निदान झालं नाही. नंतर पत्रं आणि नोंदी तपासून डॉक्टरांनी स्क्लेरोडर्मा म्हटलं. 1936 साली त्यानं जेमतेम पंचवीस चित्रं केली. आणि 1939 साली, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, बाराशेहून अधिक. त्या काळात त्याच्या रेषा जाड आणि ठसठशीत झाल्या. 29 जून 1940 ला तो गेला. तोच दिवस आता जगभर स्क्लेरोडर्मा दिन म्हणून पाळतात.

क्लेच्या वेळी औषध नव्हतं. आज परिस्थिती बदलली आहे, ती नीट सांगतो. आजार मुळासकट उपटणारं औषध अजून नाही. पण पूर्वी मूत्रपिंडावर अचानक हल्ला झाला की माणूस हाती लागत नसे. 1970च्या दशकाच्या अखेरीपासून रक्तदाबावरच्या कॅप्टोप्रिलसारख्या गोळ्यांनी त्यातले बरेच वाचू लागले. फुप्फुसांसाठी मायकोफेनोलेट वापरतात. नेमकं तंतू विणण्याच्या हुकमाला अडवणारं निन्टेडॅनिब हे औषध 2019 साली अमेरिकेत या आजारातल्या फुप्फुसांसाठी मंजूर झालं. जर्मनीत एर्लांगन इथं रुग्णाच्याच संरक्षक पेशी काढून, त्यांना नवं काम शिकवून परत सोडण्याचा उपचार 15 रुग्णांवर झाला. त्यांतले चार स्क्लेरोडर्माचे होते. 2024 साली आलेले निष्कर्ष उमेद देणारे आहेत, पण पंधरा माणसांवरून बाजार मांडायचा नसतो.

तुम्ही-आम्ही करायचं ते इतकंच. थंडीत किंवा थंड पाण्यात हात घातला की बोटं पांढरी, मग निळी पडत असतील, तर घाबरू नका. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरांनी 1862 साली वर्णन केलेला हा प्रकार पुष्कळ जणांना असतो आणि बहुतेकांना पुढं काही होत नाही. पण तिशीनंतर तो पहिल्यांदा सुरू झाला असेल, जोडीला बोटांना न उतरणारी सूज असेल, बोटांच्या टोकांना जखमा होत असतील, घास अडकत असेल किंवा जिना चढताना दम लागत असेल, तर संधिवाततज्ज्ञाला दाखवा. एक रक्ततपासणी आणि नखाच्या मुळाशी भिंगातून पाहणं, एवढ्यानं पुष्कळ कळतं. हात आणि सगळं अंग उबदार ठेवा. वजूला, भांड्यांना, कपड्यांना कोमट पाणी घ्या. विडी, सिगारेट, तंबाखू सोडा, कारण त्यानं बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात. आजार ठरला असेल तर रक्तदाब नियमित मोजा. आणि सांधेदुखीवर म्हणून विनानावाच्या पुड्या, गोळ्या कुणाकडून घेऊ नका. त्यांत स्टेरॉइड असू शकतं आणि या आजारात जास्त मात्रेचं स्टेरॉइड मूत्रपिंडांना संकटात टाकू शकतं.

द्राक्षांच्या हंगामात थंड पहाटे बागेत उभ्या राहणाऱ्या बाया आपल्या जिल्ह्यात हजारोंनी आहेत. त्यांच्यातल्या एखादीनं ‘बोटं बधिर होतात’ म्हटलं, तर मुकादमानं आणि घरच्यांनी ते एकदा कान देऊन ऐकावं. हातमोज्यांचा एक जोड फार महाग नसतो.

आपाचे औषधोपचार चालू आहेत. ती आता सुई धरत नाही, पण कापड बेतून देते आणि दोन मुलींना शिवण शिकवते. तिच्या लेकीचं लग्न पुढं दुसरीकडे झालं. सासरच्यांना आजाराचं नाव पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

तेव्हा ‘घराण्यात काही आजार वगैरे?’ असं कुणी विचारलं तर लपवू नका. आजाराचं नाव सांगा आणि सोबत हेही सांगा की एकच जनुकं घेऊन जन्मलेल्या 24 जोड्यांपैकी 23 जोड्यांत दुसऱ्या भावंडाला तो झाला नाही. विचारणारा समजूतदार असेल तर तेवढं पुरेल. नसेल, तर आपल्या लेकीला त्या घरात पाठवायचं की नाही, हा विचार आपणही करायला हरकत नाही.